काकांनी फोडलेली काच

मुलाकडच्यांनी मला पसंत केलं होतं. आता त्यांचं घर बघायला सोनईला जायचं होतं. वडील म्हणाले, "तूही चल. राहायचं तुला आहे, आम्हाला नाही." म्हणून आई, वडील, मी आणि गाडी चालवायला काका असे आम्ही राहुरीहून निघालो. गाडी काकांची. पोटच्या पोरीसारखी जपलेली. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्यांचं अंग सीटला चिकटे.

वाटेत उसाची ट्रॉली पुढं होती. खड्ड्यात तिचं चाक गेलं आणि एक भला मोठा ऊस उडून आमच्या समोरच्या काचेवर येऊन आदळला. आई ओरडली, वडिलांनी डोळे मिटले. काकांनी गाडी बाजूला घेतली. बघतो तर डाव्या अर्ध्या काचेवर कोळ्याचं जाळं पसरलेलं, पण एक तुकडा पडला असेल तर शपथ!

"अरे वा!" काका खाली उतरून म्हणाले. नुकसान झालेल्या माणसाचा हा आवाज नव्हता. "पोरी, बघ गं मोबाईलात, ही काच कसली हाय?"

मी वाचून दाखवलं, की समोरची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे ती फुटली तरी जागची हलत नाही.

"म्हंजे काचेचं सँडविच!" काका खूश झाले.

"पण दारांच्या काचा वेगळ्या असतात काका. त्या टफन्ड. तापवून एकदम गार केलेल्या. त्या सहज फुटत नाहीत, पण फुटल्या तर..."

"सहज फुटत न्हाईत. कळलं, कळलं!" म्हणून काकांनी गाडी सुरू केली. पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

सोनईत अंगणात गाडी लागताच सगळे काचेभोवती जमले. सासू व्हायच्या होत्या त्या बाई, मुलगा आणि त्याचे वडील. पाहुण्यांची विचारपूस राहिली बाजूला. काका सांगू लागले. उसाचा पहिल्यांदा बांबू झाला, मग विजेचा खांब झाला. वडील मला म्हणाले, "आपण घर बघायला आलोत ना?"

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पण दाराच्या काचेचं काय?"

"ती तर याहून भारी! तुमी बसा आत, मी दाखवतो."

ते मानानं चालकाच्या जागेवर बसले. हातात चहाचा कप होता. दार लावलं, काच वर केली. काकांनी स्वयंपाकघरातून खलाचा लोखंडी बत्ता मागवला. मी म्हणाले, "काका, माझं ऐका." आई म्हणाली, "भावजी, राहू द्या." पण काकांनी काचेच्या मधोमध बत्ता हाणला.

टण्ण! काच जशीच्या तशी. आतून मुलाच्या वडिलांनी मान डोलावली.

काकांनी पुन्हा हाणला. टण्ण! शेजारची मंडळी कुंपणावरून बघायला लागली. काकांना चेव आला. तिसरा घाव त्यांनी कोपऱ्यात घातला.

फस्स करून अख्खी काच खाली बसली. खडीसाखरेचं पोतं उलटं करावं तशी ती मुलाच्या वडिलांच्या मांडीवर, खिशात, मिशीत आणि चहात सांडली. ते तसेच बसून राहिले. कप अजून तोंडापाशीच होता.

मला वाटलं, संपलं. आता मला कुठल्या तोंडानं या घरात घेतील?

काकांनी वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "बघा! माणसाला एक ओरखडा न्हाई!"

खरंच नव्हता. मुलाच्या वडिलांनी हळूच कप खाली ठेवला, मिशी झटकली आणि गंभीरपणे विचारलं, "मागची काच कशी असते?"

"आधी खाली उतरा," त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आणि तो बत्ता इकडं द्या!"

सगळे घरात गेले. मी आणि मुलगा सीटवरचे काचेचे दाणे सुपलीत गोळा करत राहिलो. इतका वेळ आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

"तुमच्याकडं रोज असंच असतं का?" त्यानं विचारलं.

"नाही. काका आले तरच."

"किती वेळा येतात?"

"रोज."

तो इतका हसला की सुपली कलंडली. आम्ही पुन्हा पहिल्यापासून वेचायला लागलो. त्या हसण्यावर मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. घर मात्र बघायचं राहूनच गेलं.

फुटक्या खिडकीला त्यानं खताची रिकामी गोणी बांधून दिली. परतीच्या वाटेवर ती फडफडत काकांच्या कानाखाली वाजत होती आणि आईला त्याचं समाधान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मुलाच्या आईनं सांगितलं, "आमचा होकार आहे. फक्त लग्नाला काकांनी यष्टीनं यावं."

काका आले यष्टीनंच. मांडवात जेवणं चालू असताना नवरदेवाचे वडील दिसेनात म्हणून शोधाशोध झाली. ते काकांबरोबर वऱ्हाडाच्या बसमागे उभे होते. संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीची काच दोघं बोटांनी टकटक वाजवून बघत होते. बसचा चालक हात जोडून म्हणत होता, "पाहुनं, मला या बसनं माघारी जायचं हाय."