जुन्या काडीचं फूल

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत तळमजल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या काकूंना लोंबता दोरा बघवत नाही. कंपनीची बस गाठायला निघालो की मला अडवून शर्टाचे दोरे कापतात. "रेडिमेड का? शिवलाय की चिकटवलाय?"

त्यांच्या कुंडीतला हायड्रेंजिया तीन वर्षं फुलला नव्हता. दर हिवाळ्यात त्याच्या वाळल्यासारख्या दिसणाऱ्या काड्या त्या छाटून टाकायच्या. फूल जुन्या काडीवरच येतं, हे नर्सरीवाल्यानं सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मीच कापत होते." यंदा हिवाळाभर त्या कुंडीपाशी हात मागे बांधूनच उभ्या राहायच्या. उन्हाळ्यात निळे गुच्छ आले.

काल फाटकाशी त्यांची कात्री माझ्या बाहीच्या दोऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "काय नेम, तिथंच फूल यायचं."