सुट्टीच्या दिवशी बंद

भावोजी गेल्याचा ताईचा फोन आला तेव्हा मी गिरगावात भाजी घेत होते. "हे गेले गं," ती म्हणाली, आणि जरा थांबून... "कपाट बंदच आहे." कुणाला हे बोलणं विचित्र वाटेल. मला नाही वाटलं. लालबागच्या त्या घरात माणसांपेक्षा कपाटाचीच काळजी जास्त घेतली जायची.

माझ्या या थोरल्या बहिणीचे यजमान बँकांच्या आणि सराफांच्या तिजोऱ्यांना इलेक्ट्रॉनिक टाइम लॉक बसवायचे. म्हणजे असं कुलूप, की नंबर बरोबर असला तरी ठरवून दिलेल्या वेळेआधी उघडत नाही. त्यात वेळा भरणं हे भावोजींचं काम, आणि त्याचा तोरा असा, की सूर्यसुद्धा यांना विचारूनच उगवतो. कुणी मॅनेजर हातापाया पडला, की घरी येऊन रंगवून सांगायचे, "मी म्हटलं, आता ब्रह्मदेव आला तरी नाही उघडणार!" यावर ताईने हसायचं, अशी त्या घरची रीत होती.

मग एक जुनं लॉक त्यांनी घरच्या कपाटाला बसवलं. आत काय, तर ताईच्या बांगड्या आणि आमच्या आईची नथ. आईने जाताना ती ताईच्या हातात ठेवली होती. कपाट उघडायची वेळ सकाळी नऊ ते साडेनऊ, म्हणजे भावोजी कामाला निघेपर्यंत. आणि या शहाण्याने त्यात सुट्ट्या भरल्या त्या बँकेच्या! सुट्टीच्या दिवशी बँकेची तिजोरी उघडत नाही, म्हणून हे कपाटही उघडायचं नाही. दसरा, पाडवा, गणपती... ज्या दिवशी बाईने हौसेने नथ घालायची, नेमकं त्याच दिवशी कपाट ढिम्म.

पहिल्याच पाडव्याला मी म्हटलं, "भावोजी, चुकलंय हो. बदला की सेटिंग."

"चुकलंय? चोऱ्या सुट्टीतच होतात. तुला यातलं काय कळतं?"

चूक कबूल केली असती तर यांचं नाक कापलं गेलं असतं. त्यापेक्षा बायकोने सणाला नथीशिवाय बसलेलं परवडलं. बरं, आदल्या दिवशी काढून ठेवावी, तर रात्री दागिना बाहेर राहता कामा नये. एकदा ताईने उशीखाली ठेवली, तर किती दिवस अबोला धरून बसले. माणूस कसला, आडमुठेपणाचा अर्क.

शेवटी ताईने आपली वाट काढली. साध्या दिवशी कपाट उघडलं, की नथ घालायची, पोळ्या लाटायच्या, यांचा डबा भरायचा आणि साडेनऊच्या आत ती परत ठेवायची. अंगात गाऊन, नाकात नथ. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं, आणि मग भयंकर राग आला.

शोकसभेत एक सराफ म्हणाले, "वेळेचा पक्का माणूस." सगळ्यांच्या माना डोलल्या. मी चहा प्यायले.

तेराव्यानंतर भावोजींच्या ऑफिसातल्या एकाने येऊन ते लॉक काढून टाकलं. दाराला भोक राहिलं, त्यावर ताईने जुन्या कॅलेंडरवरचं चित्र चिकटवलं. मग पाडवा आला. यंदा कपाट उघडं होतं. मी म्हटलं, "घाल आज."

"आता कशी घालू? हे नाहीत, आणि नाकात नथ... लोक काय म्हणतील?"

नवरा होता तेव्हा कुलूप, आणि तो गेला तर लोक! त्या लोकांविषयी मला जे वाटतं ते या पुरवणीत छापता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी न कळवता गेले. ताई पोळ्या लाटत होती. नाकात नथ.

"आज कुठला सण गं?"

"सण नाही म्हणूनच तर. साध्या दिवशी कोण बघतंय?"

अगदी आईसारखी दिसत होती. मला इतकं बरं वाटलं, की मी ओट्याला टेकून तिच्याकडे बघत राहिले. मग तिची नजर घड्याळाकडे गेली. तिने घाईघाईने पिठाचे हात पुसले, नथ काढून डबीत ठेवली आणि कपाटाकडे निघाली.

"राहू दे ना जरा," मी म्हटलं.

"नको बाई, आता बंद होईल ते," ती म्हणाली, आणि डबी आत ठेवून चित्र चिकटवलेलं ते दार तिने लावून घेतलं.