आसनसंख्या: तीन

आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी राज्य शासनाच्या एका योजनेचे पत्रक आमच्या दैनिकाच्या वर्धा कचेरीत आले. नाट्यसंस्थांनी आपले प्रयोग ग्रामीण भागात न्यावेत, शासन अनुदान देईल, असा मजकूर होता. मी ते सहा ओळींत तिसऱ्या पानावर लावले आणि संध्याकाळी आमच्या हौशी मंडळाच्या तालमीत वाचून दाखवले. मंडळाचा चिटणीस मीच असल्याने अर्जाचे काम माझ्याकडे आले. बातमीदाराला अर्ज लिहिता येतो, असा तेव्हा सर्वांचा समज होता. माझाही होता.

अनुदान नसते तरी एस.टी.च्या टपावर पडदे टाकून आम्ही गेलोच असतो. अडचण वेगळी होती. नाटकात मुख्य काम करणारी मुलगी बोरगाव मेघेला मावशीकडे राहून वर्ध्याच्या शाळेत शिकवत होती. तिचे गाव हिंगणी. वर्ध्यात तिची तीन नाटके झाली होती आणि वडिलांनी एकही पाहिले नव्हते. येत्या वैशाखात तिचे लग्न होते, अमरावतीकडे. सासरी गेल्यावर नाटक सुटणार हे तिने धरूनच ठेवले होते. बाबांनी एकदा पाहावे, मग सुटले तरी चालेल, एवढेच ती म्हणाली होती.

पौषात मी आणि आमचा दिग्दर्शक तिच्या वडिलांना भेटायला हिंगणीला गेलो. दिग्दर्शक बँकेत कॅशियर होता आणि माणसाला पटवण्यात माझ्यापेक्षा बरा होता. वडील ओसरीत कापसाच्या ढिगाशेजारी बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चहा दिला. गावात दंडार व्हायची, त्यात लुगडे नेसून पुरुषच नाचत. गावची लेक गावापुढे उभी राहिल्याचे कोणाला आठवत नव्हते.

“मले काई वाईट नाई वाटत,” ते म्हणाले. “पण उद्या लोक बोलतीन, त्याईले काय सांगू? सरकारचं नाटक असन तं येऊ द्या. सरकारी कामाले कोणी नाव ठेवत नाई.”

“पाहायला याल ना, काकाजी?” दिग्दर्शकाने विचारले.

“सरकारचं असन तं याच लागन.”

म्हणजे आम्हाला शासनाचा कागद हवा होता.

अर्ज तीन प्रतींत करायचा होता. त्याचा नमुना तयार करणाऱ्याने नाट्यगृह सोडून दुसरीकडे नाटक पाहिले नसावे. नाट्यगृहाचे नाव, मालकी, आसनसंख्या, प्रकाशयोजनेची सोय, कलाकारांचा विश्रामकक्ष, असे रकाने होते. हिंगणीपुढे मी लिहिले: जिल्हा परिषद शाळेचे पटांगण. प्रकाशयोजनेत लिहिले: सूर्यप्रकाश, प्रयोग दुपारी चार वाजता. विश्रामकक्षात लिहिले: इयत्ता चौथीचा वर्ग. अर्जात दुसरे गाव समुद्रपूर होते. तिथली जागा नक्की व्हायची होती, म्हणून तिथली आसनसंख्या मी कोरी ठेवली.

प्रत्येक गावच्या सरपंचाचे प्रमाणपत्र जोडणे आवश्यक होते. हिंगणीच्या सरपंचांनी शिक्का आणि शाई काढून ठेवली आणि मजकूर मलाच लिहायला सांगितला. आसनसंख्येशी आल्यावर मी विचारले, खुर्च्या किती? चार, ते म्हणाले, पण एकीचा पाय गेला आहे. लोक बसायला घरून पोती आणतात, त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. तीन खुर्च्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. न पाहिलेला आकडा छापायचा नाही, हे पहिल्याच संपादकाने शिकवले होते. मी लिहिले: तीन.

प्रमाणपत्रात प्रयोगाची तारीख लागत होती. कापूस निघून गेलेला असेल असा फाल्गुनातला एक रविवार आम्ही घातला. आमच्या दृष्टीने ती प्रस्तावित तारीख होती. गावाच्या दृष्टीने ती सरपंचाच्या शिक्क्याखालची तारीख होती. पंधरा दिवसांत कोतवालाने दवंडी दिली की शाळेच्या पटांगणात सरकारी नाटक आहे. लेकी-सुनांना निरोप गेले. हे मला कळले तेव्हा अर्ज नागपूरच्या विभागीय कार्यालयात पडून होता.

नागपूरला मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी कळले की जोडलेल्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी. ती वर्ध्याहून आणली. दुसऱ्या वेळी कळले की अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे आणि साहेब दौऱ्यावर आहेत. ग्रामीण भागात का, असे मी विचारले. मुंबईला, असे उत्तर मिळाले.

प्रयोगाला पाच दिवस उरले असताना पत्र आले. त्यात एकच मुद्दा होता: ‘तीन आसनांच्या नाट्यगृहात प्रयोग करण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत खुलासा प्राप्त न झाल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल.’

दिग्दर्शकाने ते दोनदा वाचले. “तीनच्या पुढं दोन शून्यं द्यायची होती,” तो म्हणाला. “शाई संपलती का तुमची?”

तिथे तीनशे खुर्च्या नाहीत, असे मी सांगितले.

“नाहीत. पण तिथं तीनच माणसं बसणार आहेत का? बातमी लिहीत नव्हता तुम्ही, अर्ज लिहीत होता.”

दुसऱ्याच दिवशी मी तिसऱ्यांदा नागपूरला गेलो. लिपिक सज्जन होता. त्याने फाईल काढली, मला बसायला सांगितले. बसायला खुर्ची नव्हती.

“समुद्रपूरचं काहीच लिहिलं नाही, ते चाललं,” तो म्हणाला. “हिंगणीत आकडा लिहिला, तिथं घोटाळा झाला.”

“मग आकडा खोडतो.”

“सरपंचाच्या शिक्क्याखालचा आकडा तुम्ही कसा खोडाल? नवीन प्रमाणपत्र आणा.”

“आणलं तर रविवारच्या आत मंजुरी मिळेल?”

“रविवारी सुट्टी असते,” तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

मंडळात दोन मते पडली. गाव तयार आहे तर जावे, असे दिग्दर्शक म्हणत होता. कागद नाही तर त्या मुलीच्या वडिलांना काय सांगायचे, असे मी म्हणत होतो. निर्णय झाला नाही, तरी रविवारी सकाळी सगळे सामान घेऊन एस.टी. स्टँडवर आले. सेलू मागे पडल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि पत्र आले का विचारले. मी ते पाकिटासकट तिला दिले. तिने वाचले, घडी घालून परत पाकिटात सरकवले.

“बाबांना हे ठाऊक आहे?”

“नाही.”

“मग आजच्या दिवस राहू द्या. दोन्ही आत्या आल्यात माझ्या.”

शाळेच्या पटांगणात दोन बैलबंड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकल्या होत्या. चार वाजण्याच्या आधीच पटांगण भरले आणि लोक कुंपणापर्यंत गेले. मी मोजले नाही, म्हणून आकडा देत नाही. पुढे तीन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर सरपंच, दुसरीवर मुख्याध्यापक. तिसरी सरकारी साहेबांसाठी राखून ठेवली होती. साहेब येणार आहेत असे कोणी सांगितले नव्हते. सरकारी नाटकाला साहेब असतोच, असे गावाने ठरवले होते. तिचे वडील मागे कडुनिंबाखाली पोत्यावर बसले होते.

पहिला अंक झाला तरी खुर्ची रिकामीच होती. मध्यंतरात सरपंच उठले, मागे जाऊन तिच्या वडिलांना हाताला धरून घेऊन आले. “साहेब काई येत नाई आता. बस इथं,” ते म्हणाले. वडील नको नको म्हणत टोकावर बसले. दुसऱ्या अंकात ती नवऱ्याचे घर सोडून निघते असा प्रवेश होता. त्या वेळी वडील मागे टेकून बसलेले मी विंगेतून पाहिले.

प्रयोग संपला तेव्हा ऊन कलले होते. बायका तिच्याभोवती जमल्या. वडील तिकडे गेले नाहीत, माझ्याकडे आले. म्हणाले, “तो सरकारचा कागद आला असन न? मले पाह्यचा होता.”

मी पिशवीतून पाकीट काढले. त्याच्या वरच्या बाजूला ‘शासन सेवार्थ’ असे छापले होते, खाली कार्यालयाचा गोल शिक्का होता. त्यांनी ते हातात घेतले, अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश वाचले. आत पाहिले नाही.

“हे मी ठेवू का?” त्यांनी विचारले. “कोणी पुसलं तं दाखवता येते.”

मी आतले पत्र काढून घेतले आणि पाकीट त्यांना दिले. मी पत्र खिशात घालत होतो तेव्हा ते दुसरीकडे, लेकीकडे पाहत होते.

वैशाखात तिचे लग्न झाले. मुख्य काम करणारे कोणी उरले नाही, त्यामुळे समुद्रपूरला, जिथे शासनाला काहीच हरकत नव्हती, प्रयोग झाला नाही. खुलासा मी आठव्या दिवशी पाठवला होता. प्रयोग झाला असून तिन्ही आसने भरली होती, असे त्यात लिहिले. महिनाभराने उत्तर आले. मंजुरीपूर्वी प्रयोग का केला याचा वेगळा खुलासा त्यांना हवा होता. शिवाय पहिला खुलासा मुदतीत केला किंवा कसे हे टपालाच्या शिक्क्यावरून तपासायचे असल्याने त्यांच्या पहिल्या पत्राचे मूळ पाकीट सोबत जोडावे, असेही होते.

पाकीट उपलब्ध नाही, असे मी कळवले. ते कुठे आहे हे लिहिले नाही.