मास्क, नळी आणि बोंबील

सरावलीच्या आमच्या इमारतीत मी घोरण्यासाठी प्रसिद्ध होतो. आवाज तिसऱ्या मजल्यावरून खाली गेटपर्यंत येतो, असं वॉचमन हसत सांगायचा. मलाही त्याचं काही वाटत नसे. पण एका सकाळी चहा देता देता बायको रडवेली होऊन म्हणाली, "घोरता घोरता तुम्ही एकदम गप्प होता. श्वासच थांबतो. मी हलवते तेव्हा कुठे परत सुरू होतो." त्याच आठवड्यात कामावर जाताना शेअर रिक्षात मला डुलकी लागली आणि कुंभवलीला उतरायचं सोडून मी थेट चिंचणीच्या नाक्यावर जागा झालो. मग मात्र पालघरच्या डॉक्टरांकडे गेलो. झोपेची तपासणी झाली, झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला आणि घरी मशीन आलं. रात्री नाकावर मास्क लावायचा, नळीतून हवा येते, घसा बंद होत नाही. हवा कोरडी लागू नये म्हणून मशीनला पाण्याची एक छोटी टाकी.

पहिल्या आठवड्यातच मला तरुण झाल्यासारखं वाटू लागलं. बायकोलाही कित्येक वर्षांनी सलग झोप मिळाली.

मी बॉयलर अटेंडंट. सगळी नोकरी बॉयलरच्या पाण्यावर लक्ष ठेवण्यात गेली. पण घरच्या मशीनच्या टाकीत मी खुशाल बोअरचं पाणी ओतत होतो. संपलं की वरून आणखी. मास्क सकाळी काढून उशीखाली सरकवायचा, झालं. दीड-दोन महिन्यांत नाक चोंदायला लागलं, घसा खवखवायला लागला. "मशीन मला सोसत नाही," असं जाहीर करून मी ते बंद केलं. चौथ्या दिवशी बायको उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिने ती टाकी माझ्यासमोर धरली. तळाशी पांढरा थर, कडेला बुळबुळीत गुलाबीसर रेघ.

"तुमच्या बॉयलरमध्ये असलं पाणी कुणी घातलं तर काय कराल?"

"कामावरून काढीन त्याला."

"मग?"

मी टाकी तिच्या हातातून घेऊन मोरीत गेलो. त्या शरमेच्या भरात मी दुसरं टोक गाठलं. जखमा धुवायचं औषध बादलीत ओतलं आणि मास्क, नळी सगळं त्यात बुडवून ठेवलं. त्यानंतर मास्क लावला आणि पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी, डोकं जड.

मशीन घेऊन परत पालघर गाठलं. डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. सगळं ऐकून आधी मनमुराद हसल्या, मग गंभीर झाल्या. "काका, जे मास्कला लागतं ते तुमच्या फुप्फुसात जातं. उग्र औषध नको, ब्लीच नको. रोज सकाळी मास्क सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवा. टाकीतलं उरलेलं पाणी रोज फेकून द्या, टाकी धुऊन कोरडी करा. नळी आठवड्यातून एकदा. वाळवायचं सावलीत. आणि टाकीत फक्त डिस्टिल्ड वॉटर."

"आमच्या कंपनीत क्षार काढलेलं पाणी असतं, ते आणू?"

"ते बॉयलरला पाजा. तुम्ही मेडिकलमधून घ्या."

मशीनमधला हवेचा फिल्टर त्यांनी काढून दाखवला. मूळचा पांढरा, पण आमच्या भागातल्या धुळीने राखाडी झालेला. तो तिथल्या तिथे बदलला.

नळी वाळवायला मी गच्चीवर पाण्याच्या टाकीखालची सावली शोधली. रात्रपाळीहून आलो, सगळं धुतलं, तिथल्या दोरीवर टांगलं. दुपारी झोपायच्या वेळी मास्क लावून मशीन चालू केलं आणि ताडकन उठून बसलो. नाकात अख्खी मासळी बाजाराची गल्ली! पलीकडच्या दोरीवर शेजारच्या काकींचे बोंबील वाळत होते, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बायको इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

मी परत धुवायला निघालो तर दारात काकीच उभ्या. माहेर चिंचणीचं, बोलणं अजून तिथलंच. "भाऊ, ही कसली नळी हाय? वॉशिंग मशीनची?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. "आमच्या ह्यांचा पन श्वास असाच अडकतो. आमी समजलो, दमतात म्हणून."

काका पूर्वी होडी घेऊन समुद्रात जायचे. त्यांना पालघरला न्यायला मला तीन आठवडे लागले. "मला काय झालाय? कायच नाय," एवढंच ते म्हणायचे. शेवटी काकींनी जेवण वाढता वाढता रडून घेतलं, तेव्हा निघाले. तपासणीत त्यांचा आजार माझ्यापेक्षा जास्त निघाला.

त्यांचं मशीन आलं त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत धुवायचं शिकवायला गेलो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मास्कचे भाग सुटे केले, प्रत्येक खाच बोटाने चोळून धुतली, नळीतून पाणी खेळवलं, झटकलं आणि उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. जाळी धुण्यात आयुष्य गेलेले हात ते.

आता काकी बोंबील गच्चीच्या दुसऱ्या टोकाला वाळवतात. सकाळी टाकीखालच्या दोरीवर दोन नळ्या लोंबत असतात. काका वर आले की माझी नळी बोटाने चाचपून बघतात आणि म्हणतात, "भाऊ, अजून ओली हाय. रवू दे."