मेंडोरियाचं ‘होईल’ कसं झालं

माझ्या मिक्सरचं भांडं फिरेनासं झालं, तेव्हा नोकरी सोडून मला तीन महिने झाले होते. अठरा वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधल्या. आता स्वतःचं काहीतरी करायचं होतं, पण काय ते सुचत नव्हतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी भांड्याकडे न बघताच सांगितलं, हे मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या. डोंबिवलीत मी चार दुकानं फिरले. शेवटी शेजारणीने सांगितलं, ठाण्याला नौपाड्यात एका दवाखान्याच्या जिन्याखाली एक काका बसतात, त्यांना दाखव.

काका साठीचे असतील. जिन्याचा उतार डोक्यावर असल्यामुळे ते बसूनच असत आणि गिऱ्हाइकाला वाकून बोलावं लागे. मी समोर उसाचा रस पिऊन येईपर्यंत भांडं फिरायला लागलेलं. त्यांच्या मागच्या फळीवर तीस-चाळीस वस्तू चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या. इस्त्र्या, रेडिओ, एक सूप बनवायचं यंत्र, एक बाळाचं खेळणं. घरी येताना माझ्या डोक्यात तेच. असे किती काका ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिन्यांखाली बसले असतील, आणि माझ्यासारख्या किती जणी चांगल्या वस्तू भंगारात देत असतील!

माझी कॉलेजची मैत्रीण कोलशेतला राहते. ती डिझायनर आहे, घरूनच काम करते. तिला फोन केला. बिघडलेल्या वस्तूचा फोटो टाकायचा, आसपासच्या कारागिरांना तो दिसेल, ज्याला जमेल तो उत्तर देईल, असं ॲप. ती म्हणाली, “मी आहे. उद्या येते.” ती आली, आणि चार महिन्यांत आमचं ॲप जवळजवळ तयार झालं. नाव मात्र नव्हतं.

मूल झाल्यावर आत्या नाव ठेवते, ते किती बरं, असं मला त्या दिवसांत वाटायचं. एकीनेच ठरवायचं, कानात सांगायचं, विषय संपला. आमच्याकडे रोज नवीन नाव आणि रोज नवीन भांडण. जे चांगलं वाटे ते आधीच कुणीतरी घेतलेलं असे. ‘दुरुस्ती’ मला आवडलं होतं, पण ते इंग्रजी अक्षरांत लिहायला पाच जणांना सांगितलं तर पाचही जणांनी वेगळं लिहिलं. ‘जुगाड’ तर माझ्या बाबांनीच उडवून लावलं. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात आणि आमच्या सगळ्या मीटिंगा त्यांच्यासमोरच, जेवणाच्या टेबलावर होत. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, “जुगाड म्हणजे तात्पुरतं. तुझं भांडं त्यांनी तात्पुरतं करून दिलं का?”

मग एका सकाळी मैत्रीण उड्या मारतच आली. “मिळालं! मेंडोरिया.”

“म्हणजे?”

“मेंड म्हणजे दुरुस्त करणं. आणि ‘ओरिया’ म्हणजे… काही नाही, पण ऐकायला भारी वाटतं ना यार! आणि कुणीही घेतलेलं नाही.”

कुणी का घेतलं नसेल, हा विचार तेव्हा आमच्या मनात आला नाही. आम्ही दोघी दमलो होतो. तिने जांभळ्या रंगात एक सुंदर चिन्ह काढलं, ‘एम’च्या पोटात छोटा पाना. कार्डंही छापून घेतली.

पहिला धक्का तिच्या घरूनच बसला. तिच्या आईने कार्ड वाचलं आणि विचारलं, “मेंढ्या पाळणार तुम्ही? इथे कोलशेतला? जागा कुठाय?” मैत्रीण दिवसभर आईशी बोलली नाही. मला फोनवर म्हणाली, “आईचं सोड गं, तिला काहीही ऐकू येतं.” मी हो म्हटलं, पण रात्री झोपताना मलाही मेंढ्याच दिसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी नौपाड्याला गेले. पहिला कारागीर म्हणून काकांचंच नाव घालायचं, हे आमचं आधीपासून ठरलेलं. त्यांनी मला स्टूल दिलं. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, चष्मा वर करून पुन्हा धरलं.

“मॅडम, हा आजार आहे काय?”

तिथे एक बाई इस्त्री घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही डोकावून पाहिलं आणि काळजीने विचारलं, “डासांमुळे होतो का?”

मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग रडू येईल की काय असं वाटलं. काका बिचारे ओशाळले. म्हणाले, “नाव चांगलंच असणार हो. पण मला ते सांगता येणार नाही. गिऱ्हाईक विचारणार, कशावर टाकायचा फोटो? मी काय सांगू? त्यापेक्षा तुम्ही बसा, चहा मागवतो.”

चहा येईपर्यंत आणि आल्यावरही मी तिथेच बसून राहिले. जायचं तरी कुठे? घरी गेले असते तर मैत्रिणीला फोन करावा लागला असता. गिऱ्हाइकं येत होती. इस्त्रीवाल्या बाईंनी इस्त्री पुढे केली. “काका, होईल का हो?” काकांनी वायर हातात घेऊन वाकवून बघितली. “होईल.” त्या निर्धास्त होऊन गेल्या. मग एक गृहस्थ ज्यूसर घेऊन आले. “होईल का?” “होईल.” मग एक कॉलेजातली मुलगी केस सरळ करायचं मशीन घेऊन आली. तिने हिंदीत सुरुवात केली आणि शेवटी तिनेही तेच विचारलं, “होईल ना पण?” तासाभरात सात जण आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, आणि उत्तर ऐकल्यावर प्रत्येकाचे खांदे जरासे खाली येत. वस्तू अजून दुरुस्त झालेली नसे. तरी माणूस अर्धा मोकळा झालेला असे.

रिक्षात बसल्या बसल्या मी मैत्रिणीला फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं, आजारासकट. मग म्हटलं, “नाव ‘होईल’ ठेवूया.”

पलीकडे ती काहीतरी पुटपुटत होती.

“अगं, काय म्हणतेयस?”

“बोलून बघतेय.” मग ती हसायला लागली. “पाचशे कार्डं छापलीत रे देवा! पण चांगलंय. खरंच चांगलंय.”

मी खुशीत घरी आले आणि बाबांना सांगितलं. बाबांनी पेपर खाली ठेवला. तसं ते सहसा करत नाहीत.

“हे नाव ठेवू नकोस.”

“का?”

“मी सरकारी कचेरीत तीस वर्षं काढली. दिवसातून पन्नास वेळा मी हा शब्द बोललो. होईल, बघू, या पुढच्या आठवड्यात. होईल म्हणजे होणार नाही, हे आम्हालाही माहीत होतं आणि समोरच्यालाही.”

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, “एक बाई यायच्या. नवऱ्याच्या कागदपत्रांसाठी. त्यातला मूळ कागदच हरवलेला होता, काम होणं शक्य नव्हतं. पहिल्याच दिवशी मला ते कळलेलं. पण तोंडावर नाही म्हणवेना. होईल म्हणालो. त्या सहा-सात महिने येत राहिल्या. एकदा तर पेरू घेऊन आल्या माझ्यासाठी. त्या दिवशी मी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो.”

“मग पुढे काय झालं?”

“यायच्या बंद झाल्या.”

मी त्यांना चहा करून दिला, आणि तो विषय त्या दिवसापुरता मिटला. मैत्रिणीला मी एवढंच कळवलं की बाबांना नाव आवडलेलं नाही. तिने लिहिलं, “बाबांना विचारून ॲप काढतोय का आपण?” आणि लगेच दुसरा मेसेज, “पण ते बरोबर बोलतायत.”

नंतरच्या मंगळवारी मी कल्याणला दोन कारागिरांना भेटायला गेले होते. दुपारी परत आले तर बाबा घरात नाहीत आणि माळ्यावरचा टेबलफॅनही नाही. फोन केला तर उचलेनात. पंचाहत्तरीचा माणूस उन्हातून पंखा घेऊन कुठे गेला असेल, या काळजीने मी खाली-वर करत होते. साडेचारला रिक्षा थांबली आणि बाबा उतरले. रिकाम्या हाताने.

“कुठे होतात?”

“नौपाड्याला. तुझ्या त्या माणसाची परीक्षा घ्यायला.”

बाबांनी काकांना आपण कोण ते सांगितलंच नव्हतं. पंखा पुढे ठेवून नुसतं विचारलं होतं, होईल का? तो पंखा आमच्या लहानपणापासूनचा. मोटर जळलेली आणि मान एका बाजूला वळून अडकलेली. बाबांची खात्री होती की काका बेधडक होईल म्हणणार, आणि मग ते मला येऊन सांगणार, बघ, हा पण आमच्यातलाच.

“आणि?”

“त्याने पंखा पूर्ण उघडला. वीस मिनिटं बघितलं. मग म्हणाला, साहेब, मोटर बांधून देतो, वारा होईल. मान नाही होणार. त्याचा गिअर आता कुठे मिळत नाही, आणि मी काहीतरी बसवून दिलं तर महिन्याभरात तुम्ही मला शिव्या द्याल.” बाबा पाणी प्यायले. “मी जरा जोर केला. म्हटलं, बघा ना काही होतंय का. तर म्हणाला, नाही होणार साहेब. असं दोनदा सांगितलं. माझ्या तोंडाकडे बघून.”

“मग दिलात पंखा?”

“दिला. शनिवारी मिळेल.” मग बाबा खुर्चीत नीट बसले. “नाव ठेव तू. पण माझी एक अट आहे.”

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली आणि टेबलावर बाबांनी अट मांडली. कारागिराला फोटो दिसला की त्याच्यासमोर ‘होईल’चं बटण असेल तेवढंच मोठं ‘नाही होणार’चं बटण हवं. बारीक अक्षरात नको, कोपऱ्यात नको. आणि दोन दिवसांत त्याने दोन्हींपैकी काहीच दाबलं नाही, तर ते काम त्याच्याकडून काढून घ्यायचं.

“काका, कुठल्याच ॲपमध्ये नाही म्हणायचं एवढं मोठं बटण नसतं,” मैत्रीण बाबांना म्हणाली.

“म्हणूनच,” बाबा म्हणाले.

तिने थोडा वेळ पेन्सिलने टेबल वाजवलं, मग कागद ओढला आणि दोन सारखी गोल बटणं काढली. बाबांनी पट्टी आणून मोजली. मी हे गमतीने लिहीत नाहीये, त्यांनी खरोखरच मोजली.

अजून एक भांडण शिल्लक होतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की माझ्या भाचीने ते ‘हॉईल’ असं वाचलं आणि विचारलं, “मावशी, तेल विकतेयस का?” मैत्रिणीने चार दिवस डोकं खाजवलं आणि मग सरळ देवनागरीतच लिहायचं ठरवलं. जांभळा रंग तेवढा तिने सोडला नाही. ‘ई’वरचा रफार आहे ना, तिथे तिने पान्याचं तोंड दिलंय. ते कुणाला दाखवल्याशिवाय कळत नाही, पण ती प्रत्येकाला दाखवते. तिच्या आईने या वेळी नाव एका दमात वाचलं आणि म्हणाली, “हां, हे आपलं वाटतं.” मायलेकी पुन्हा नीट बोलायला लागल्या.

ॲप सुरू झालं त्या दिवशी आमच्याकडे एकूण तेवीस कारागीर होते. काकांच्या जिन्याखाली आम्ही पेढे वाटले, वाकून वाकून. काकांनी फोनवर पहिल्यांदा बटण दाबलं ते चुकून ‘नाही होणार’चं, आणि ज्याचा फोटो होता त्याला त्यांनी स्वतः फोन करून माफी मागितली. पहिल्या आठवड्यात नऊ फोटो आले. त्यातले तीन आमच्याच नातेवाइकांचे होते. दुसऱ्या आठवड्यात चाळीस. एका माणसाने आपल्या गुडघ्याचा फोटो टाकला होता. बाबांनी त्याला सविस्तर आणि सभ्य उत्तर लिहिलं.

परवा मी डोंबिवलीत भाजी घेत होते. शेजारी दोन बायका उभ्या होत्या. एक मेथीची जुडी झटकत सांगत होती की कुकरचं हँडल सैल झालंय, झाकण नीट लागत नाही, आता नवीनच घ्यावा लागणार. दुसरी म्हणाली, “घेतेस कशाला? होईलवर टाक ना.”

“कशावर?”

“होईल. फोटो टाकायचा. लगेच सांगतात.”

मी वळले. ते आमचं आहे, असं सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात भाजीवालीने मला विचारलं, कोथिंबीर एक की दोन? मी दोन म्हटलं, पिशवी उघडली, आणि वर बघते तर त्या दोघी पुढे गेलेल्या. घरी आले, पिशवी टेबलावर ठेवली आणि आधी फोन उघडला. कुकरचा फोटो आला होता. पाठीमागे ओट्यावर मेथीची जुडी दिसत होती. खाली कोपरीच्या एका कारागीर बाईंचं उत्तरही येऊन पडलं होतं. हँडल होईल, रिंग मात्र नवीन आणा.