शोभाताईंचा पहिला गिलास

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सांगणार तरी कसं — लोक ज्या कामासाठी माझं कौतुक करतात, त्याच कामातली ही गोष्ट.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो; तिथेच आमचा यांत्रिक हाताचा प्रकल्प चालतो. शोभाताई बीबी गावच्या. सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये त्यांचा उजवा हात कोपराखाली गेला. त्या हाताच्या उरलेल्या भागाला आम्ही पट्टा बांधायचो. स्नायू आवळले की पट्टा ते टिपायचा आणि डोळ्यांवरच्या चष्म्यात दिसणारा यांत्रिक हात हलायचा. खरा यांत्रिक हात बसवण्याआधीचा हा सराव. चष्म्यातल्या टेबलावर एक गिलास. नसलेली मूठ आवळायची आणि तो उचलायचा — कशी आवळत असतील त्या?

एसटीनं यायच्या, घाम फुटेस्तोवर बसायच्या. गिलास निसटायचा. हसायच्या, पुन्हा सुरू. एवढी जिद्द मी माझ्यात कधी पाहिली नाही.

मग प्रयोग बघायला पाहुणे येणार होते. प्रकल्पाचं पुढचं सगळं त्यांच्या हाती होतं — आणि, खरं सांगू? माझी बढतीही. मी घाबरलो. गुपचूप प्रोग्राम बदलला. हात गिलासाजवळ आला की पुढचं सगळं संगणकच करणार. ताईंचे स्नायू काहीही म्हणोत.

गिलास उचलला गेला. टाळ्या पडल्या. ताईंनी चष्मा काढला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"सर, हे म्याच केलं ना?"

"तुम्हीच, ताई."

पाहुणे गेल्यावर मी प्रोग्राम पूर्ववत केला. गिलास पुन्हा निसटू लागला. काऊन असं होऊन राह्यलं, त्या विचारायच्या. मी काय म्हणालो? तुमचं लक्ष नाही, म्हणालो. त्यांनी माझी माफी मागितली — त्यांनी, माझी.

घरी कामं करता करता त्या नसलेली मूठ आवळत राहिल्या. आणि एका दुपारी गिलास उचलला. स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय. अलगद परतही ठेवला. माझ्या अंगावर काटा आला. मी उभा राहून टाळ्या वाजवायला लागलो.

त्यांनी शांतपणे चष्मा काढला, पट्टा सोडायला हात पुढे केला.

"त्यात काय, सर? तवा जमलंच होतं की मले."

तो त्यांचा खरा पहिला गिलास होता. मी पट्टा सोडला.

आता त्यांना खरा यांत्रिक हात बसलाय. सरावाला नवीन कोणी आलं की धीर द्यायला त्याच येतात, आणि पाहुण्यांसमोरच्या त्या दिवसाची गोष्ट सांगतात. मी शेजारीच असतो. मान हलवतो.