शब्दाला माणूस देणाऱ्या बाई

शब्दबाईंनी आम्हाला इंग्रजी शब्दाचा अर्थ कधी विचारलाच नाही. फळ्यावर शब्द लिहायच्या, अर्थ स्वतःच मराठीत सांगून टाकायच्या आणि वर्गाकडे वळून विचारायच्या, "तुमच्याकडे असं कोण आहे?" माणूस सापडल्याशिवाय पुढचा शब्द नाही. एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा आमचा क्लास नारायण पेठेत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. गणिताच्या सरांचा तास संपला की बाई यायच्या. त्यांना चांगलं नाव-आडनाव होतं, पण मालकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना शब्दबाईच म्हणत, आणि त्यांचीही त्याला हरकत नसे.

मी यवतमाळकडची. गणितात कधी अडले नाही, पण पहिल्या वर्षी इंग्रजी शब्दांनी मला बुडवलं. बाबांनी आणखी एक वर्ष दिलं. या खेपेला नाही जमलं तर गावी परत यायचं आणि स्थळं बघायची, असं ठरलं होतं. त्यामुळे कोथरूडला एका खोलीत कॉट भाड्यानं घेऊन राहिले ती रागातच. पहिल्याच तासाला 'गॅर्युलस' आला. बडबड्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमची आत्या. समोर कोणी नसलं तर म्हशीशी बोलते." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लिहा. गॅर्युलस म्हणजे यवतमाळची आत्या." सगळ्या वर्गानं लिहून घेतलं. तेव्हाचा एक मित्र आज बँकेत मोठा साहेब आहे. फोन केला की अजून आधी आत्याची खुशाली विचारतो. आत्याला त्यानं कधी पाहिलेलं नाही.

यादी पाठ करणाऱ्यांवर मात्र त्यांचा खास राग. एकानं अख्खा शब्दसंग्रह पाठ असल्याचं सांगितलं, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "अरे वा. मग उद्यापासून आपण या खुर्चीत बसा, मी बाकावर बसते." तो पोरगा आठवडाभर मान वर करत नव्हता.

एकदा मीच भांडले. ज्यांच्या घरी इंग्रजी पेपर येतो त्यांना हे शब्द दुधाबरोबर मिळालेले असतात. आम्ही ते उरापोटावर पाठ करायचे, आणि पुढे नोकरीत कुणी ते उच्चारतसुद्धा नाही. मग परीक्षेत विचारतात कशाला? मला वाटलं, बाई शब्दांची बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "चाळणीला चव कळते का? तिचं काम चाळणं. तू आपली बारीक हो आणि खाली पड. पीठ कसं आहे ते पोळी झाल्यावर बघतील." माझा राग गेला नाही, पण तो बाईंवरचा उरला नाही.

'ऑब्स्टिनेट' आला त्या दिवशी वर्ग गप्प होता. हट्टी माणूस सगळ्यांनाच सुचला होता, बोलायचं धाडस नव्हतं. शेवटी धायरीचा एक मुलगा चाचरत म्हणाला, "बाई, म्हणजे... तुम्हीच." बाईंनी खडू उचलला आणि शब्दापुढे स्वतःचं नाव लिहिलं. वर किंचित हसल्याही. त्या दिवसापासून माझ्या लेखी त्या शब्दाइतका सुंदर शब्द नव्हता.

आणि तिथंच मी फसले. लेखी परीक्षा चांगली गेली. 'टॅसिटर्न' आला. अबोल. वर्गातल्या कुणीतरी सांगितलेले, मी कधीही न पाहिलेले मुके-मुके आजोबा डोळ्यांपुढे येऊन बसले आणि उत्तर बरोबर आलं. पण मुलाखतीला एकाच संस्थेनं बोलावलं. स्वतःचं एका शब्दात वर्णन करा, म्हणाले. मी अभिमानानं सांगितलं, "ऑब्स्टिनेट." समोरचे तिघं एकमेकांकडे बघून हसले. हा दुर्गुण आहे हे माहीत आहे ना, असं एकीनं विचारलं. निकालात माझं नाव नव्हतं.

मी सरळ क्लासवर गेले आणि बाईंपुढे रडले. घरी कळवलं होतं; बाबा न्यायला येणार होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्याकडून बाबांचा नंबर मागितला आणि माझ्यासमोरच फोन लावला. "अहो, मी हिची इंग्रजीची बाई. चूक हिची नाही, माझी आहे. शब्दाला माणूस दिला, त्या माणसाचा दोष सांगायचा राहिला. माझ्या चुकीची शिक्षा तुमच्या मुलीला नको. एक वर्ष मला द्या." कुणाचंच न ऐकणारे माझे बाबा त्या दिवशी हो म्हणाले.

पुढच्या वर्षी मला प्रवेश मिळाला. आता मीच नोकरीसाठी आलेल्या मुलांच्या मुलाखती घेते, आणि इतक्या वर्षांत 'टॅसिटर्न' कुणी माझ्यासमोर बोललेलं नाही. मधे परीक्षेतून नुसते शब्दार्थाचे प्रश्न जवळजवळ गेले, क्लासला शब्दबाईंची गरज उरली नाही. त्या धायरीला भाचीकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा वाटलं होतं, खचलेल्या असतील. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "पोरांचा एक ताप गेला." थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पण आता कुणाच्या घरी कोण कसं आहे, ते मला कोण सांगणार?" ते प्रश्न गेले हे योग्यच झालं, असं मलाही वाटतं. पण ते नसते तर मला बाई भेटल्या नसत्या, आणि बाईंशिवायचं माझं आयुष्य मला कल्पनेतही नको आहे.

या वर्षी बाई गेल्या. भाचीचा निरोप आला तसा मी गावी फोन केला.

"तुले प्रवेश मिळेपर्यंत दर महिन्याले फोन करत होत्या त्या," बाबा म्हणाले. "पोरगी बरी हाय, मन लावून शिकते, काळजी करू नका. एवढंच सांगत. मले वाटे, तूच सांगतं त्यायले फोन कराले."

मी म्हटलं, "नाही बाबा. मला तर हे आज कळतंय."

"मंग एकदा पुण्याले येऊन भेटाले पाह्यजे होतं मी त्यायले," बाबा म्हणाले, आणि माझे बाबा फोनवर रडू लागले.